समर्थन, सबब आणि सरळ कडा

आज एका शब्दाविषयी बोलायचे आहे. शब्द इंग्रजी आहे, पण आपल्या कार्यालयांत, न्यायालयांत आणि संगणकावर तो इतका रुळला आहे की त्याला परका म्हणणे अवघड. तो शब्द म्हणजे 'जस्टिफिकेशन'.

हा शब्द माझ्या आयुष्यात दोनदा आला. पहिल्यांदा छापखान्यात. १९७४ साली शिक्षण अर्धवट टाकून मी एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. तीन वर्षे ते काम केले. पुढे राहिलेली परीक्षा दिली आणि एका कार्यालयात चिकटलो. तिथे हा शब्द दुसऱ्यांदा भेटला, आणि निवृत्तीपर्यंत त्याने पाठ सोडली नाही. छापखान्यात ज्याला जस्टिफाय करणे म्हणत ते आणि कार्यालयात ज्याला म्हणत ते, ही दोन अगदी निराळी कामे आहेत असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. ती तितकी निराळी नाहीत, हे उशिरा कळले. ते कसे कळले, ते शेवटी सांगतो.

आधी छापखाना. ज्यांनी खिळ्यांची छपाई पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. जुळाऱ्याच्या डाव्या हातात लोखंडी पट्टीसारखे एक साधन असे, त्याला स्टिक म्हणत. समोरच्या केसमधल्या खणांतून एकेक अक्षराचा शिशाचा खिळा उचलायचा आणि स्टिकमध्ये उभा करायचा. दोन शब्दांच्या मध्ये कोरा तुकडा घालायचा, त्याला स्पेस म्हणत. स्टिकची रुंदी ठरलेली, पण शब्द काही ठरलेल्या लांबीचे नसतात. ओळ संपत आली की थोडी जागा उरते किंवा शेवटचा शब्द थोडक्यासाठी मावत नाही. मग शब्दांमधल्या स्पेस काढून जरा जाड नाहीतर जरा पातळ घालायच्या आणि ओळ बरोबर रुंदीला आणायची. याला जस्टिफाय करणे म्हणायचे. आमच्या फोरमनना सगळे अण्णा म्हणत. ते सांगत, "पोरा, ओळ बोटाने ढकलली तर हलता कामा नये, आणि बसवताना कोंबावीही लागता कामा नये." ओळ सैल राहिली तर पान उचलताना खिळे खाली सांडत आणि दोन तासांचे काम जमिनीवर येई. म्हणजे डाव्या-उजव्या कडा सरळ दिसणे हा नुसता शोभेचा प्रश्न नव्हता. त्यावर पानाचे उभे राहणे अवलंबून होते.

ही रीत छपाईइतकीच जुनी आहे. जर्मनीतल्या माइन्झ शहरात १४५५च्या सुमारास गुटेनबर्गने जे बायबल छापले, त्यातले स्तंभ दोन्ही कडांना सरळ आहेत. कडा जुळवण्यासाठी त्याने एकाच अक्षराचे कमी-जास्त रुंदीचे खिळे वापरले आणि शब्दांची संक्षिप्त रूपेही वापरली. पुढे १८८६ साली न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' या वृत्तपत्रात लायनोटाइप यंत्र चालू झाले. त्यात शब्दांच्या मध्ये पाचरी असत. त्या एकदम वर रेटल्या की सगळ्या फटी सारख्या रुंदावत आणि ओळ भरून जाई. आता संगणकावर कंट्रोल आणि जे या दोन कळा दाबल्या की काम होते. पण मूळ हिशेब तोच आहे: बाहेरच्या कडा सरळ हव्या असतील तर आतल्या फटींनी कमी-जास्त व्हायचे. घरात एखादे वर्तमानपत्र असेल तर त्यातला अरुंद स्तंभ पाहा. मराठीत लांब शब्द आले, आणि ओळीच्या शेवटी ते तोडायची आपल्याकडे फारशी पद्धत नाही, तर एखाद्या ओळीत तीनच शब्द असतात आणि त्यांच्या मध्ये बोट शिरेल एवढी जागा. कडा मात्र अगदी सरळ!

आता या कामाला 'जस्टिफाय' हा न्यायनिवाड्यातला शब्द का मिळाला असेल? त्यासाठी लॅटिन भाषेत जावे लागते. लॅटिनमध्ये 'यूस' म्हणजे हक्क, कायदा. त्यावरून 'युस्टुस', म्हणजे न्याय्य, योग्य, आणि नेमकेही. त्याला 'फाकेरे', म्हणजे करणे, हे क्रियापद जोडले आणि 'युस्टिफिकारे' तयार झाले. योग्य करणे, जसे असायला हवे तसे करणे. फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत आला. ओळ नेमक्या मापाला आणणे हीसुद्धा ती 'योग्य करणे'च. जस्टिस, जज हे शब्द याच घरातले.

गंमत अशी, की या लॅटिन शब्दाचे दोन्ही तुकडे आपल्या ओळखीचे निघतात. 'फाकेरे'चे मूळ आणि संस्कृतातला 'धा' धातू एकाच कुळातले आहेत. 'धा' म्हणजे ठेवणे, स्थापन करणे. त्यावरून आपले विधान, विधी, श्रद्धा हे शब्द आले. आणि 'यूस'चा नातेवाईक ऋग्वेदात आहे. तिथे 'शं' या शब्दाच्या जोडीने 'योः' असा एक लहानसा शब्द येतो आणि त्याचा अर्थ कल्याण, स्वास्थ्य असा करतात. पारशी बांधवांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात तर हे दोन्ही तुकडे एकत्र आले आहेत. तिथे 'यओझ्‌दा' असे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ आहे शुद्ध करणे. म्हणजे रोममध्ये जो शब्द कायद्याकडे गेला, त्याचे भावंड इराणात शुद्धीकडे गेले. मूळ कल्पना बहुधा एकच होती: बिघडलेले काहीतरी पुन्हा ठीक करणे.

आणि इथेच एक अडचण आहे. ठीक करणे म्हणजे खरोखर ठीक करणे, की ठीक आहे असे जाहीर करणे? या एका प्रश्नावरून युरोपात मोठा वाद झाला. बायबलचा नवा करार ग्रीक भाषेत आहे. संत पौलाच्या पत्रांत पापी माणूस देवापुढे निर्दोष कसा होतो याची चर्चा आहे. तिथल्या ग्रीक क्रियापदाचा रोख न्यायाधीशाने निर्दोष ठरवण्याकडे आहे. त्याचे लॅटिन भाषांतर 'युस्टिफिकारे' असे झाले. त्या शब्दात 'करणे' उघडच आहे, त्यामुळे पश्चिमेकडच्या चर्चमध्ये 'न्याय्य बनवणे' हा अर्थ रूढ झाला. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने सांगितले की माणूस स्वतःच्या पुण्यकर्मांनी नव्हे, केवळ श्रद्धेने देवापुढे न्याय्य ठरतो. १५१७ पासून सुरू झालेल्या त्या चळवळीत हा प्रश्न मध्यवर्ती झाला. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत १५४७ साली आपली भूमिका ठरावाने मांडली. ल्यूथरपंथीय आणि कॅथलिक यांनी या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या त्या ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात. म्हणजे साडेचारशे वर्षांनी! आपल्या मराठी बायबलमध्ये या ठिकाणी 'नीतिमान ठरवणे' असा शब्दप्रयोग आहे. ठरवणे, बनवणे नव्हे. एका क्रियापदाच्या निवडीत केवढा वाद दडलेला असतो पाहा.

आपण धर्मशास्त्र बाजूला ठेवू, पण प्रश्न बरोबर घेऊ. 'मी केले ते ठीक होते' असे आपण म्हणतो, तेव्हा आपण ते ठीक आहे हे दाखवत असतो, की फक्त ठीक ठरवून घेत असतो?

कायद्याने या बाबतीत बराच विचार केला आहे. भारतीय दंड संहिता १८६० साली झाली. तिची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. दोन्हींत 'सर्वसाधारण अपवाद' असे एक प्रकरण आहे. त्यात दोन जातींचे अपवाद शेजारी शेजारी बसलेले दिसतात. एक उदाहरण खासगी बचावाचे. कुणी अंगावर चालून आले आणि स्वतःचा जीव वाचवताना त्याला इजा झाली, तर तो गुन्हा नाही. मात्र बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. दुसरे उदाहरण सात वर्षांखालच्या मुलाचे. त्याच्या हातून काहीही घडले तरी तो गुन्हा धरला जात नाही. निकाल दोन्हीकडे सारखाच, पण कारणे वेगळी आहेत. पहिल्या ठिकाणी कायदा म्हणतो, तू केलेस ते योग्यच होते, तो तुझा हक्क होता. दुसऱ्या ठिकाणी तो म्हणतो, झाले ते वाईट झाले, पण याला जबाबदार धरता येणार नाही.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जॉन ऑस्टिन यांनी १९५६ साली एका व्याख्यानात हा फरक फार स्वच्छ मांडला होता. समर्थन करणारा जबाबदारी घेतो आणि कृती वाईट होती हे नाकारतो. सबब सांगणारा कृती वाईट होती हे मान्य करतो आणि जबाबदारी पूर्णपणे घेत नाही. ही कसोटी रोजच्या आयुष्यात वापरून पाहा. 'हो, मी त्याला रागावलो, आणि रागवायलाच हवे होते,' हे समर्थन. 'रागावलो खरा, पण रात्रभर झोप नव्हती,' ही सबब. दोन्ही खरी असू शकतात. घोटाळा होतो तो आपण सबब सांगतो आणि तिला समर्थनाचा मान मागतो तेव्हा.

अब्रुनुकसानीच्या कायद्यात तर या शब्दाचा एक खास अर्थ होता. इंग्लंडमध्ये एखाद्यावर बदनामीचा दावा झाला आणि 'मी बोललो ते खरेच आहे' असा बचाव त्याने घेतला, तर त्या बचावाचे नावच जस्टिफिकेशन होते. २०१३च्या कायद्याने ते नाव बदलून सरळ 'सत्य' असे केले. मला हा बदल आवडतो. आपल्या फौजदारी कायद्यात मात्र बदनामीच्या बाबतीत नुसते सत्य पुरत नाही. ते जाहीर करण्यात लोकहित होते हेही दाखवावे लागते. बोललेले खरे असणे आणि बोलणे योग्य असणे या दोन गोष्टी आहेत, हे त्यातून दिसते. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण माझ्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

आता आपल्या मराठीकडे येऊ. जस्टिफिकेशनला आपला शब्द समर्थन. हिंदीत समर्थन म्हणजे मुख्यतः पाठिंबा. मराठीत तो दोन्ही अर्थांनी चालतो. 'त्याच्या वागण्याचे मी समर्थन करत नाही' यात योग्य ठरवण्याचा अर्थ आहे. 'नेत्याचे समर्थक घोषणा देत होते' यात मात्र योग्य-अयोग्याचा प्रश्नच उरलेला नाही. संस्कृतात समर्थन म्हणजे विचार करणे, निश्चय करणे, पुष्टी देणे. विचारापासून निघालेला शब्द घोषणांपर्यंत येऊन पोहोचला!

या शब्दाच्या पोटात 'समर्थ' आहे. महाराष्ट्रात समर्थ म्हटले की रामदास स्वामी आठवतात, किंवा सामर्थ्य आठवते. पण 'सम्' आणि 'अर्थ' असे त्याचे दोन भाग आहेत. पाणिनीच्या अष्टाध्यायीत दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच, समासाचे नियम सांगण्यापूर्वी, हा शब्द येतो. तिथे त्याचा आशय असा, की ज्या शब्दांचे अर्थ एकमेकांशी खरोखर जोडलेले आहेत त्यांचाच समास होतो. नुसते शेजारी असून भागत नाही. साधे उदाहरण घेऊ. 'हे घर आईचे, पुस्तक माझे.' या वाक्यात 'आईचे' आणि 'पुस्तक' हे शब्द एकमेकांना लागून आले आहेत, पण म्हणून त्यांचा 'मातृपुस्तक' होत नाही. आईचे नाते घराशी आहे, पुस्तकाशी नाही. समर्थनाचीही हीच कसोटी धरावी असे मला वाटते. कारण आणि कृती शेजारी शेजारी मांडली म्हणजे समर्थन होत नाही. त्यांचा अर्थ जुळला पाहिजे. शाळेत आपण अर्थान्तरन्यास नावाचा अलंकार शिकलो. एखाद्या विशेष गोष्टीला सामान्य सिद्धान्ताचे किंवा सामान्य विधानाला विशेष उदाहरणाचे समर्थन द्यायचे, असे त्याचे लक्षण. तिथेही जोड खरी असेल तरच अलंकार शोभतो.

मराठी माणसाने या विषयावर किती शब्द जमवले आहेत ते पाहण्यासारखे आहे. 'सबब' हा अरबी शब्द. मूळ अर्थ दोर. ज्याच्या आधाराने एखाद्या गोष्टीपर्यंत पोहोचायचे तो दोर. त्यावरून कारण. आपल्या जुन्या कागदपत्रांत सबब म्हणजे कारण, आणि आजही नोटिशीत 'सबब आपणास कळविण्यात येते' असे आपण लिहितो, तिथे तो प्रामाणिकपणे 'म्हणून' एवढेच म्हणत असतो. घरात मात्र 'सबबी सांगू नकोस' असे आपण ऐकतो. लोकांनी खरी कारणे सांगण्यापेक्षा खोटी इतकी जास्त सांगितली असावीत की कारणाचा अर्थच बहाणा झाला. 'खुलासा' या शब्दाचा मूळ अर्थ सार, अर्क. आज कार्यालयात खुलासा मागवला की पाच पानांचे उत्तर येते आणि त्यात सार शोधावे लागते.

काही शब्द गावातून आले. 'सारवासारव' घ्या. मातीच्या जमिनीला भेगा पडल्या की शेणाने सारवायचे. वरून सगळे गुळगुळीत. 'पाठराखण' घ्या. लग्न झालेली मुलगी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर घरातली एखादी बाई जाई, ती पाठराखीण. किती आपुलकीचा शब्द, आणि आज तो बहुतेक वेळा गुन्हेगाराची पाठराखण असा येतो! 'तळी उचलणे' हा खंडोबाचा कुळाचार. तबकात भंडारा, खोबरे ठेवून सगळ्यांनी हात लावून ते उचलायचे आणि येळकोट म्हणायचे. आता कुणाची तळी उचलणे म्हणजे त्याची बाजू न विचारता घेणे. 'री ओढणे' हे गाण्यातले, मुख्य गायकाच्या मागे सूर धरणे. या सगळ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. त्यांत माणसाला आधार आहे, पण म्हणण्याला आधार आहे की नाही हे कुणी विचारत नाही.

म्हणण्याला आधार कसा द्यावा याचे शास्त्रही आपल्याकडे आहेच. गौतमाच्या न्यायसूत्रांनी युक्तिवादाचे पाच अवयव सांगितले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. इथेही तसाच धूर आहे. म्हणून इथे अग्नी आहे. यातला हेतू म्हणजे कारण, आधार. मराठीत आपण हेतू म्हणजे उद्देश असे म्हणतो. 'हेतू चांगला होता' म्हणून पुष्कळ गोष्टी खपून जातात. नैयायिकाने विचारले असते, उद्देश राहू द्या, आधार काय? शिवाय त्यांनी हेत्वाभासही सांगितले, म्हणजे हेतूसारखे दिसणारे पण हेतू नसलेले. त्यातला सव्यभिचार नावाचा हेत्वाभास आपल्या फार परिचयाचा आहे. जो हेतू या बाजूलाही लागू पडतो आणि विरुद्ध बाजूलाही, तो. 'सगळेच असे करतात' हे कारण घ्या. बरोबर गोष्टही सगळे करतात आणि चुकीचीही. मग त्याने काय सिद्ध झाले?

आणखी एक न्याय आहे, घुणाक्षर न्याय. लाकूड पोखरणारा घुण नावाचा किडा असतो. त्याने पोखरलेल्या रेघांत कधी एखादे अक्षर दिसते. अक्षर बरोबर असते, पण किड्याला लिहिता येत नाही. १९६३ साली एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने तीन पानांचा एक निबंध लिहिला आणि ज्ञानाच्या व्याख्येवर मोठी चर्चा सुरू झाली. एखादी गोष्ट खरी आहे, आपण ती मानतो आणि ती मानायला आपल्याकडे आधारही आहे, तरी ते ज्ञान नसू शकते, कारण आधार आणि सत्य यांची गाठ नुसत्या योगायोगाने पडलेली असू शकते, असे त्याने दाखवले. त्याच्याही आधी बर्ट्रांड रसेल यांनी बंद पडलेल्या घड्याळाचे उदाहरण दिले होते. ते घड्याळ नेमके योग्य वेळी पाहिले तर वेळ बरोबर कळते, पण त्याला वेळ कळणे म्हणत नाहीत. मुद्दा पुन्हा तोच: दोन गोष्टी शेजारी असणे वेगळे आणि त्या जोडलेल्या असणे वेगळे.

श्रोतेहो, आता मी सुरुवातीला कबूल केलेली गोष्ट सांगतो.

मी ज्या कार्यालयात होतो तिथे विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज येत. एका वर्षी अर्जाची मुदत ३१ जुलै होती. एका मुलाचा अर्ज नामंजूर झाला आणि त्याने तक्रार केली. वरिष्ठांनी फाइल माझ्याकडे पाठवली आणि समासात लिहिले, जस्टिफिकेशन द्या. मी फाइल उघडली. अर्जाच्या मागे टाचणीने पाकीट लावलेले होते. त्यावर आमच्या गावच्या टपाल कार्यालयाचा २६ जुलैचा शिक्का होता. म्हणजे पाकीट मुदतीच्या आत गावात आले होते. आमच्याकडे ते गठ्ठ्यात पडून राहिले आणि आवक नोंदवहीत चढले ९ ऑगस्टला. गठ्ठा फोडायचे काम माझ्याच टेबलाचे होते.

मी टिपणी लिहिली. 'आवक नोंदीनुसार सदर अर्ज दिनांक ९ ऑगस्ट रोजी प्राप्त झाला असून विहित मुदत दिनांक ३१ जुलै होती. सबब अर्ज विचारात घेता येत नाही.' वाचून पाहा, यात एक शब्द खोटा नाही. आवक नोंदीनुसार अर्ज ९ ऑगस्टलाच आला होता. मुदत ३१ जुलैच होती. टिपणी दोन्ही कडांनी सरळ होती. वरिष्ठांनी सही केली.

काही दिवसांनी तो मुलगा स्वतः आला. सतरा-अठरा वर्षांचा असेल. उत्तराचे पत्र त्याच्या हातात होते. म्हणाला, "साहेब, कारण वाचलं. समजलं. पण हे बरोबर आहे का?" तो भांडायला आलेला नव्हता. त्याला खरोखरच विचारायचे होते. मी म्हणालो, "नियम आहे." तो थोडा वेळ उभा राहिला, पत्राची घडी घातली आणि गेला. पुन्हा आला नाही.

त्या रात्री मला छापखाना आठवला. 'आवक नोंदीनुसार' हे दोन शब्द मी कशासाठी घातले होते? ओळ भरण्यासाठी. सत्य आणि निकाल यांच्यामध्ये जी जागा उरत होती तिथे मी या दोन शब्दांच्या पाचरी मारल्या होत्या. बाहेरून कड सरळ दिसावी म्हणून आतली फट रुंद केली होती, आणि त्या फटीत एका मुलाचे वर्ष गेले.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांकडे जाऊन सांगू शकलो असतो. पाकीट फाइलमध्येच होते. दुरुस्ती करता आली असती. मी गेलो नाही. त्याची कारणे माझ्याकडे होती: घरची जबाबदारी होती, बढती जवळ आली होती, आणि टपाल तुंबण्याइतके काम खरेच होते. यातले एकही कारण खोटे नव्हते. पण आज ऑस्टिनची कसोटी लावतो तेव्हा दिसते की या सगळ्या सबबी होत्या, समर्थन एकही नव्हते. मी ती कृती योग्य होती असे कधीच म्हणू शकलो नसतो. म्हणून मी तिला नियमाचे नाव दिले.

त्यानंतर एक सवय मी लावून घेतली. टिपणी लिहून झाली की ज्या शब्दांवाचून वाक्य खरे राहणार नाही ते शब्द शोधायचे. 'नोंदीनुसार', 'उपलब्ध माहितीप्रमाणे', 'प्रथमदर्शनी', 'तांत्रिक कारणास्तव'. हे शब्द वाईट नाहीत. पुष्कळदा ते आवश्यकच असतात. पण आपण ते नेमकेपणासाठी घातले की ओळ ताणण्यासाठी, एवढे स्वतःला विचारायचे. पुढच्या काळात दोन वेळा मी 'ही चूक आमच्या कार्यालयाची आहे' असे लिहिले. बोलणी खावी लागली. पण आभाळ कोसळले नाही.

इंग्रजीत एक शब्द आहे, अपॉलॉजी. ग्रीक भाषेत 'अपोलोगिया' म्हणजे न्यायालयात केलेले बचावाचे भाषण. इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसने केले ते. त्यात माफी मागण्याचा भागच नव्हता. शतकांच्या प्रवासात तो शब्द बदलला आणि आज त्याचा अर्थ दिलगिरी असा झाला आहे. आपल्याकडे सबब कारणापासून बहाण्याकडे गेली, तिकडे तो शब्द बचावापासून माफीकडे आला. शब्दांना असा प्रवास करता येतो. माणसालाही करता येत असावा.

शेवटी अण्णांनी शिकवलेली एक गोष्ट सांगतो. नवीन असताना मी परिच्छेदाची शेवटची ओळसुद्धा ताणून काठापर्यंत नेली होती. चार शब्द आणि त्यांच्यामध्ये भली मोठी भगदाडे. अण्णांनी प्रूफ पाहिले आणि हसले. म्हणाले, "शेवटची ओळ ताणायची नसते रे. मजकूर जिथे संपला तिथे संपू द्यायचा. पुढे कोरं शिसं भरायचं. तेही वजन पेलतं."

तो मुलगा आज साठीच्या अलीकडे कुठेतरी असेल. त्याने हे ऐकले तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. बरोबर नव्हते. चूक माझी होती.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)